तेरापैकी तेरा जिंकले, तरी पाचवे

२००६ च्या हंगामात बॉईसी स्टेट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल संघ तेरा सामने खेळला आणि तेराही जिंकला. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात तेव्हा ११९ संघ होते. त्यांतल्या दुसऱ्या एकालाही हे जमलं नव्हतं. तरी अंतिम क्रमवारी जाहीर झाली तेव्हा बॉईसीचा नंबर होता पाचवा. पहिला आलेला फ्लोरिडाचा संघ एकदा हरला होता. दुसरा ओहायो स्टेट, तोही एकदा. तिसऱ्या आणि चौथ्या नंबरचे संघ तर दोन-दोन सामने हरून बॉईसीच्या वर जाऊन बसले होते.

हे असं कसं होऊ शकतं, ते समजून घ्यायला १ जानेवारी २००७ चा फिएस्टा बोल हा एकच सामना पुरतो. अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेल गावात झालेल्या या सामन्यात बॉईसीने ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवलं. शेवटच्या काही मिनिटांत जे घडलं त्यामुळे तो आजही कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वांत थरारक सामन्यांत गणला जातो. पण माझ्या मते थरार हा त्यातला अर्धाच भाग आहे. मैदानावर जे वेडं धाडस वाटलं त्यामागे चोख हिशेब होता, आणि मैदानाबाहेर जी हिशेबी व्यवस्था म्हणून मिरवत होती तिच्यात मात्र मतं आणि मानपान भरलेले होते. ही उलटापालट मला त्या सामन्यात जास्त रस घ्यायला लावते.

आधी खेळ. अमेरिकन फुटबॉल कधीच पाहिला नसेल तरी चालेल, चार-पाच गोष्टी कळल्या की काम होतं. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. दहा यार्ड पार केले की पुन्हा नवे चार डाऊन. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. म्हणून चौथ्या डाऊनला बहुतेक संघ लाथ मारून चेंडू लांब पाठवून देतात आणि जोखीम टाळतात.

चेंडू घेऊन समोरच्या एंड झोनमध्ये शिरलं किंवा तिथे तो झेलला, की टचडाऊन, सहा गुण. टचडाऊननंतर एक जादा संधी मिळते. चेंडू खांबांमधून लाथेने मारला तर एक गुण. ही लाथ बहुतेक वेळा चुकत नाही. किंवा तीन यार्डांवरून पुन्हा एकदा एंड झोनमध्ये घुसून दाखवा, मग दोन गुण. हे दुसरं काम निम्म्याहून जरा जास्त वेळा फसतं. टचडाऊन जमत नसेल तेव्हा लांबून खांबांमधून लाथ मारून तीन गुण कमावता येतात, तो फील्ड गोल.

आणखी एक नियम, जो पुढे लागणार आहे. एका डाऊनमध्ये पुढच्या दिशेने चेंडू एकदाच फेकता येतो, आणि तोही डाऊन जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागूनच. मागे किंवा आडवा मात्र कितीही वेळा, कुणीही, कुणालाही देऊ शकतो. तसं फारसं कुणी करत नाही, कारण हातातून सुटलेला चेंडू पडला तर तो कुणीही उचलावा असा होतो.

आता व्यवस्था. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल हा गॅदरिंगमधला हौशी प्रकार नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात. संघ भौगोलिक आणि ऐतिहासिक गोतावळ्यांत विभागलेले असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि बहुतेक सामने आपापल्या कॉन्फरन्सच्या आतच होतात. शंभरावर संघ, प्रत्येकाचे डझनभर सामने. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्यच.

मग राष्ट्रीय विजेता कोण? अनेक दशकं याचं उत्तर मैदानावर दिलंच जात नव्हतं. हंगाम संपला की नामांकित संघांना ‘बोल’ सामन्यांची आमंत्रणं येत. याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पसाडेनाची. तिथल्या नववर्षाच्या फुलांच्या उत्सवात १९०२ साली एक फुटबॉल सामना ठेवला गेला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. पुढे तो सामना तिथल्या रोझ बोल या वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि मग इतर गावांनीही ते नाव उचललं. मायामीचा ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, डॅलसचा कॉटन बोल. सगळी ऊबदार हवेची गावं. ऐन थंडीत उत्तरेकडचे लोक आपल्याकडे यावेत, हॉटेलं भरावीत, हा सरळ व्यापारी उद्देश. फिएस्टा बोल त्यात उशिरा आला, १९७१ साली, अ‍ॅरिझोनात.

बोल सामने राष्ट्रीय विजेता शोधायला कधी काढलेच नव्हते. विजेता ठरवत ते पत्रकार आणि प्रशिक्षक, मतदान करून. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची क्रमवारी १९३६ पासून चालू आहे, आणि कित्येक वर्षं तर बोल सामने व्हायच्या आधीच तिचा शेवटचा निकाल लागून मोकळा व्हायचा. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांसारखं हे. परीक्षकांनी कुणाला करंडक द्यायचा ते ठरवायचं, आणि पुढे वर्षभर कट्ट्यावर वाद घालायचे. फरक इतकाच की एकांकिका दोन संघांना समोरासमोर करता येत नाही. फुटबॉल करता येतो, तोच तर खेळ आहे.

१९९८ मध्ये यावर बीसीएस (बोल चॅम्पियनशिप सिरीज) नावाचा तोडगा निघाला. त्याचं सूत्र पुढे बदलत गेलं; २००६ मध्ये ते असं होतं. दोन मतचाचण्या आणि सहा संगणकी क्रमवाऱ्या एकत्र करून एक आकडा काढायचा. दोन्ही मतचाचण्यांना एक-एक तृतीयांश वजन, संगणकांना मिळून उरलेलं एक तृतीयांश. संगणकांतही सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळून बाकीच्यांची सरासरी. या सूत्रातून पहिले दोन आलेले संघ अंतिम सामना खेळणार. दशांश चिन्हापर्यंत काटेकोर. पण दोन तृतीयांश भाग शेवटी माणसांच्या मतांचाच होता, आणि मत देणाऱ्यांनी सगळे सामने पाहिलेले असणं शक्यच नव्हतं.

अंतिम सामन्याखेरीज रोझ, शुगर, ऑरेंज आणि फिएस्टा हे चार मोठे बोल होते. त्यांत सहा बलाढ्य कॉन्फरन्सच्या विजेत्यांची जागा आपोआप राखीव असे. बाकीच्या कॉन्फरन्समधल्या संघाला आत यायचं तर क्रमवारीत खूपच वर असावं लागे. २००६ च्या हंगामात ही अट थोडी सैल झाली आणि पहिल्या बारांत असलेल्या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्याला दार उघडलं. बॉईसी आठव्या क्रमांकावर होती. त्या दारातून ती आत आली.

बॉईसी हे आयडाहो राज्यातलं राजधानीचं शहर. अमेरिकेत आयडाहोचं नाव निघालं की पहिले आठवतात ते बटाटे. तिथली ही युनिव्हर्सिटी १९३२ मध्ये दोन वर्षांचं छोटं कॉलेज म्हणून सुरू झाली आणि फुटबॉलच्या सर्वोच्च गटात आली १९९६ मध्ये. स्टेडियमचं मैदान निळं. खरोखर निळं, कृत्रिम गवताचं, १९८६ पासून. टीव्हीवर पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पडदा बिघडला. मोठ्या मंडळींना हे सगळं जरा थिल्लर वाटे.

समोर ओक्लाहोमा. सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ, प्रशिक्षक बॉब स्टूप्स, त्या वर्षी बिग ट्वेल्व्ह या बड्या कॉन्फरन्सचा विजेता. त्यांचा चेंडू घेऊन धावणारा गडी एड्रियन पीटरसन देशातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. ऑक्टोबरमध्ये गळपट्टीचं हाड मोडल्यावर तो थेट या सामन्यात परतत होता. ओक्लाहोमाचंही त्या वर्षी सगळं सुरळीत नव्हतं. हंगामाच्या तोंडावर त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणाऱ्या गड्याला, संघातून काढलं गेलं, कारण न केलेल्या कामाच्या तासांचे पैसे त्याने घेतले होते. त्याच्या जागी पॉल थॉम्प्सनला आणलं, ज्याला आधी क्वार्टरबॅकच्या जागेवरून हलवून झेल घेणाऱ्यांत टाकलं होतं. कोट्यवधींची तिकिटं आणि टीव्हीचे करार ज्यांच्या जिवावर, त्या पोरांनी पैशाला हात लावायचा नाही, असा तो काळ. आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा त्यांना मिळाली ती २०२१ मध्ये.

बॉईसीचे प्रशिक्षक होते ख्रिस पीटरसन. आडनाव मराठीत सारखंच लिहिलं जातं, पण एड्रियनशी नातं काही नाही. घोळ नको म्हणून दोघांना पहिल्या नावाने ओळखू. ख्रिस पाच वर्षं तिथेच आक्रमणाची आखणी बघत होते आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून हा त्यांचा पहिलाच हंगाम.

टीकाकारांचं म्हणणं काय होतं तेही नीट ऐकायला हवं, कारण ते अगदीच पोकळ नव्हतं. बॉईसी ज्या कॉन्फरन्समध्ये खेळे तिथले प्रतिस्पर्धी कच्चे. दर आठवड्याला कच्च्या संघाला हरवून बारा विजय जमवणं आणि दर आठवड्याला तगड्या संघाशी झुंजून अकरा जिंकणं यात फरक आहेच. शिवाय आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, बॉईसी जॉर्जियाशी खेळायला गेली होती आणि ४८-१३ अशी हरून आली होती. क्वार्टरबॅक जॅरेड झॅब्रान्स्कीने त्या दिवशी चेंडू इतक्या वेळा गमावला की त्याला बाहेर बसवावं लागलं. मोठ्यांसमोर हे कोसळतात, असा शिक्का तिथे बसला.

पण या युक्तिवादाला एक गाठ आहे. क्रमवारीत वर यायचं तर मोठ्या संघांना हरवा, असं सांगायचं, आणि मोठे संघ मात्र छोट्या पण धोकादायक संघाशी खेळायला तयार नसतात. जिंकले तर कौतुक नाही, हरले तर हंगाम गेला. मग छोट्याने कुणाला हरवायचं?

सामना सुरू झाला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या पहिल्यात, बॉईसी १४-० पुढे गेली. मध्यंतराला २१-१०. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉईसीच्या मार्टी टॅडमनने ओक्लाहोमाचा पास मधेच पकडला आणि तसाच धावत जाऊन टचडाऊन केला. २८-१०. अठरा गुणांची आघाडी, आणि एकदाही नशिबाने मिळाल्यासारखी न दिसणारी.

मग ती वितळायला लागली. ओक्लाहोमाने लाथेने पाठवलेला एक चेंडू बॉईसीच्या खेळाडूच्या पायाला लागला, ओक्लाहोमाने तो उचलला आणि एड्रियनने टचडाऊन केला. पुढे फील्ड गोल. शेवटचं दीड मिनिट उरलं असताना आणखी एक टचडाऊन, २८-२६. बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न लागणार होता. पहिला प्रयत्न फसला, पण बॉईसीचा नियमभंग झाला म्हणून पुन्हा. दुसऱ्यात ओक्लाहोमाला जमलं, पण आता त्यांचाच नियमभंग, म्हणून रद्द. तिसऱ्या वेळी जमलं आणि टिकलं. २८-२८.

त्यानंतरच्या पहिल्याच डाऊनला झॅब्रान्स्कीने चेंडू फेकला तो थेट ओक्लाहोमाच्या मार्कस वॉकरच्या हातात. वॉकर धावत एंड झोनमध्ये. ३५-२८, एक मिनिट दोन सेकंद शिल्लक. ओक्लाहोमाची सामन्यातली ही पहिली आघाडी. जॉर्जियात कोसळलेला तोच क्वार्टरबॅक, तसाच फेकलेला चेंडू. त्या क्षणी टीकाकारांचा लेख लिहून तयार झाला असणार.

बॉईसी मैदानाच्या बरोबर मध्यापर्यंत पोचली आणि अडकली. चौथा डाऊन, १८ यार्ड हवेत, घड्याळात १८ सेकंद. नवे डाऊन मिळवायला एवढं अंतर लागणं ही जवळपास आशा सोडून द्यायची स्थिती असते. अशा वेळी संघ साधारणपणे चेंडू एंड झोनकडे उंच भिरकावतात आणि देवाचं नाव घेतात. बॉईसीने जी चाल काढली तिचं त्यांच्या वहीतलं नाव होतं ‘सर्कस’.

झॅब्रान्स्कीने चेंडू फेकला ड्रिसन जेम्सकडे. साधारण पंधरा यार्डांवर, म्हणजे हव्या त्या अंतराच्या अलीकडेच. झेल घेऊन जेम्स मैदानाच्या मध्याकडे वळला. बचाव करणाऱ्यांना वाटलं, याला इथे पाडलं की संपलं, आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्याच वेळी उलट दिशेने जेरार्ड रॅब जेम्सच्या अगदी जवळून धावत आला. जेम्सने चेंडू आडवा त्याच्याकडे टाकला. बचावाचं सगळं वजन एका बाजूला कललेलं, रॅब दुसऱ्या बाजूला मोकळा. तो कडेकडेने पळाला आणि एंड झोनमध्ये सूर मारून पडला. सात सेकंद उरले होते.

इथे मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं. या चालीचं गमक धावण्यात किंवा फेकण्यात नाही, पास मुद्दाम तोकडा फेकण्यात आहे. अठरा यार्ड हवेत हे बचावाला पाठ असतं. म्हणून अठराच्या आत झेल घेणारा माणूस त्यांना हातातलं सावज वाटतो. त्या वाटण्यावरच चाल बेतलेली होती. जादा गुणाची लाथ बरोबर बसली आणि ३५-३५ वर सामना जादा वेळेत गेला.

कॉलेज फुटबॉलची जादा वेळ वेगळीच. सर्वोच्च गटात ही पद्धत १९९६ मध्ये आली, आणि तेव्हा ती अशी होती. घड्याळ नाही. प्रत्येक संघाला समोरच्याच्या २५ यार्ड रेषेवरून एक-एक संधी. दोघांची झाली की एक फेरी संपली. बरोबरी असेल तर पुढची फेरी. ओक्लाहोमाची पहिली पाळी आली आणि पहिल्याच डाऊनला एड्रियन पंचवीसच्या पंचवीस यार्ड धावून मोकळा झाला. लाथ बसली, ४२-३५.

बॉईसीची पाळी. ते रेटत रेटत पाच यार्ड रेषेपर्यंत आले आणि पुन्हा चौथा डाऊन. इथे हुकलं की सामना संपला. या वेळी झॅब्रान्स्की डाऊन सुरू व्हायच्या आधीच बाजूला चालू लागला आणि चेंडू थेट विनी पेरेटाकडे गेला, जो चेंडू घेऊन धावणारा गडी. तो धावणार असं समजून बचाव पुढे आला. त्याने धावता धावता चेंडू फेकला, डेरेक शाउमनने एंड झोनमध्ये झेलला. ४२-४१.

आता निर्णयाची वेळ. एक गुणाची लाथ मारली तर बरोबरी, दुसरी फेरी. दोन गुणांचा प्रयत्न केला तर याच एका डाऊनमध्ये आरपार. ख्रिस पीटरसन यांनी दोनचा पर्याय निवडला. टीव्हीसमोर बसलेल्यांना तो जुगार वाटला असेल, पण हिशेब करून पाहा. समजा दोन गुण मिळण्याची शक्यता शंभरात त्रेचाळीस आहे. लाथ मारली तर काय? दुसरी फेरी. तिथे दोन्ही संघ सारखेच असते तर जिंकण्याची शक्यता निम्मी, म्हणजे लाथ मारणंच शहाणपणाचं. पण संघ सारखे नव्हते. ओक्लाहोमाचे गडी आकाराने मोठे, ताकदीने जास्त. एड्रियनने पंचवीस यार्ड एका दमात कापून ते नुकतंच दाखवलं होतं. फेऱ्या जितक्या वाढतील तितकी ताकद बोलायला लागते आणि दुबळ्याचे डाव उघडे पडतात. आपली शक्यता दर फेरीला चाळिशीच्या खाली आहे असं ज्याला मनोमन माहीत आहे, त्याने त्रेचाळिसाची संधी हातची का घालवायची? बलवानाने सामना लांबवावा, दुबळ्याने आटपावा. शिवाय फसवी चाल एकदाच चालते, आणि ख्रिस यांच्याकडे एक शिल्लक होती.

तिचं नाव स्टॅच्यू ऑफ लिबर्टी. फुटबॉलमधली फार जुनी चाल, पोरंसोरं गल्लीत खेळतात त्यातली. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात वर करतो तो मशाल धरलेल्या पुतळ्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. बॉईसीने झेल घेणारे तीन गडी उजवीकडे उभे केले. चेंडू हातात येताच झॅब्रान्स्की उजवीकडे वळला, नजर उजवीकडे, खांदा उजवीकडे, आणि उजव्या हाताने जोरात फेकल्याचा आविर्भाव केला. त्या हातात काहीच नव्हतं. चेंडू होता डाव्या हातात, पाठीमागे लपवलेला. इयन जॉन्सन मागून आला, तो चेंडू उचलला आणि डावीकडे धावत सुटला.

संथ गतीत ही चाल पाहिली तर बचावातले गडी एकामागोमाग एक उजवीकडे झुकताना दिसतात. त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की क्वार्टरबॅकचा खांदा वाचा, चेंडूच्या मागे धावू नका. त्यांनी शिकवल्याप्रमाणेच केलं. जॉन्सनला अडवायला डावीकडे कुणी उरलंच नव्हतं. ४३-४२.

चेंडू प्रेक्षकांत भिरकावून जॉन्सन पुढे जे करणार होता त्याची कुणकुण टीव्हीवाल्यांना लागली होती. त्याची मैत्रीण बॉईसीच्या चीअरलीडर चमूची प्रमुख होती. मुलाखत घेणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर, याला आता लग्नाची मागणी घालायची आहे, हे आधी स्वतःच बोलून टाकलं, आणि मग बिचाऱ्याने गुडघा टेकला. मुलगी हो म्हणाली; त्याच वर्षी लग्नही झालं. हा जॉन्सन फावल्या वेळात क्रोशाच्या टोप्या विणायचा, हेही सांगून ठेवतो.

आठवड्याने, ८ जानेवारीला, त्याच ग्लेनडेलच्या स्टेडियममध्ये राष्ट्रीय अंतिम सामना झाला. बीसीएसने अंतिम सामना बोलांपासून वेगळा काढला त्याचं हे पहिलंच वर्ष. ओहायो स्टेट तोवर अपराजित होती. फ्लोरिडाने तिला ४१-१४ असं लोळवलं. आणि त्याबरोबर देशात अपराजित संघ उरला फक्त बॉईसी. त्यांना मात्र खेळायला आता कुणी शिल्लक नव्हतं. प्रशिक्षकांच्या क्रमवारीत तर अंतिम सामना जिंकणाऱ्याला पहिलं मत द्यायचं हे करारानेच बांधलेलं. असोसिएटेड प्रेसचे मतदार मोकळे होते. त्या पासष्ट जणांपैकी चौसष्टांनी फ्लोरिडाला पहिलं मत दिलं, एकाने बॉईसीला.

आता ही साखळी बघा. चौथ्या नंबरवर होता सदर्न कॅलिफोर्निया. त्यांना ऑक्टोबरमध्ये ओरेगन स्टेटने हरवलं होतं, ३३-३१. आणि त्या ओरेगन स्टेटला सप्टेंबरमध्ये बॉईसीने हरवलं होतं ४२-१४ ने. साखळ्या अशा दोन्हीकडून ओढता येतात, त्यातून काही सिद्ध होत नाही हे खरं. बॉईसी फ्लोरिडाला हरवू शकली असती असा दावा मी करणार नाही. माझा अंदाज उलटाच आहे. पण तो अंदाज आहे, आणि पासष्ट पत्रकारांचाही अंदाजच होता. ज्या खेळात उत्तर मिळवायला साडेतीन तास आणि एक मैदान पुरतं, तिथे अंदाजावर करंडक देण्याचं कारण एकच असू शकतं. पैसा आणि आमंत्रणं ज्यांच्या हातात होती, त्यांना उत्तराची घाई नव्हती.

बॉईसीनंतर हा प्रकार पुन्हा पुन्हा झाला. २००८ च्या हंगामात युटाने तेरापैकी तेरा जिंकले, शेवटचा अलाबामाविरुद्ध, दुसरा नंबर. २०१० च्या हंगामात टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीने तेरापैकी तेरा, रोझ बोलसुद्धा, दुसराच नंबर. मधे बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आल्या आल्या टीव्हीवर आठ संघांची बाद फेरी हवी म्हणून बोलून गेले. बाद फेरी आली ती २०१४ मध्ये, पण चारच संघांची, आणि त्या चारांची निवड एका समितीकडे. छोट्या कॉन्फरन्समधला एकच संघ त्या दहा वर्षांत आत शिरला, २०२१ चा सिनसिनाटी.

२०२४ मध्ये बाद फेरी बारा संघांची झाली आणि पहिल्या चार मानांकनांसाठी पहिली फेरी माफ ठेवली गेली. ती सवलत फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होती. त्यामुळे क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉईसीला तिसरं मानांकन मिळालं आणि ती थेट उपांत्यपूर्व फेरीत गेली. तो सामना नेमका फिएस्टा बोल होता, ग्लेनडेललाच. पेन स्टेटने त्यांना ३१-१४ असं हरवलं. पहिली फेरी माफ मिळालेले बाकीचे तिघंही, म्हणजे ओरेगन, जॉर्जिया आणि अ‍ॅरिझोना स्टेट, त्याच फेरीत हरले. तरी ‘क्रमवारीत नववा संघ तिसरा कसा?’ ही कुरबूर काही थांबली नाही. २०२५ च्या हंगामापासून नियम बदलला, आणि मानांकन पुन्हा समितीच्या क्रमवारीप्रमाणेच लागू लागलं.